सरांच्या पँटचा प्रकल्प

पँटचं बटण लागेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी आधी बटणाला दोष दिला, मग काजाला आणि शेवटी टेलरमास्तरांच्या दुकानातल्या आरशाला. नव्या सुटाची पँट कमरेवर येऊन अडली होती आणि तासाभरात शाळा समितीचे अध्यक्ष शाळा बघायला येणार होते.

सरांची शाळाच निराळी. तिथे प्रत्येक मूल आपल्या आवडीचा विषय निवडायचं आणि आठवड्यातले काही दिवस गावातल्याच कुणाच्या तरी हाताखाली खरंखुरं काम करत शिकायचं. कुणी बेकरीत, कुणी छापखान्यात, कुणी जनावरांच्या दवाखान्यात. ही सगळी कल्पना सरांची. ती पुढे चालू ठेवायची की मुलांना पुन्हा बाकांवर आणून बसवायचं, हे अध्यक्ष आज ठरवणार होते. सर सकाळपासून इतके धास्तावले होते की बिनसाखरेचा चहा प्यायले आणि गोड झालाय म्हणाले.

"मास्तर, कंबर जरा सैल करून द्या," सर पडद्याआडून म्हणाले. "तुमच्या डाव्या हातचा मळ आहे."

"माझं काम असतं तर केलंच असतं," टेलरमास्तर म्हणाले. "पण ही पँट ठिणगीची आहे."

ठिणगी म्हणजे नववीतली मुलगी. तिला शिवणकाम शिकायचं होतं, म्हणून सरांनीच तिला इथे धाडलं होतं आणि कौतुकाच्या भरात स्वतःचा सूटही तिच्याच हाती सोपवला होता.

"अहो, पण तुम्ही तिचे गुरू ना?"

"म्हणूनच. गुरूनं मुलाचं काम आपल्या हातात घ्यायचं नाही, नुसते प्रश्न विचारायचे. सभेत तुम्हीच सांगितलंत की. मी तर आता घरी बायकोलाही प्रश्नच विचारतो. वैतागलीय ती."

आपलेच दात, आपलेच ओठ.

मास्तर ठिणगीकडे वळले. "पँट का बसत नाही?"

"कंबर कमी पडतेय."

"का पडतेय?"

"माप चुकलं असेल."

"ते ताडून कसं बघशील?"

ठिणगीनं इकडेतिकडे पाहिलं. सर घालून आले होते ती जुनी पँट स्टुलावर पडली होती. सरांनी पडद्यातून डोकं बाहेर काढेपर्यंत तिनं तिची कमरपट्टी उसवलीसुद्धा.

"अगं, ती मला घालून जायचीय."

"सर, आतलं कापड दिसल्याशिवाय कसं कळणार? आणि नवीपण द्या, तीही उसवते."

सरांनी नवी पँट पडद्यावरून बाहेर दिली. दुसरं करणार काय, मुलांच्या उत्साहावर पाणी टाकू नये हेही त्यांनीच सभेत सांगितलं होतं. मास्तरांनी माणुसकीच्या नात्यानं त्यांना जांभळ्या फुलांचं पडद्याचं कापड गुंडाळायला दिलं. तेवढ्यात शाळेच्या शिपायाचा फोन आला.

"सर, अध्यक्षसाहेब शाळेत थांबलेच नाहीत. भाषणं नकोत, मुलं काम करतात तिथेच जातो म्हणाले. टेलरच्या दुकानाकडे निघालेत."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मास्तर, तुमच्या पाया पडतो. फक्त आजच्या दिवस."

"आज नियम मोडला तर उद्या मुलीला काय वाटेल?" मास्तरांनी विचारलं. प्रश्नच तो. सर मनातल्या मनात चडफडले.

ठिणगीनं दोन्ही पँटी टेबलावर एकमेकींशेजारी पसरल्या. जुनीची कंबर चांगली चार बोटं जास्त होती. ती विचारात पडली आणि मग तिचे डोळे चमकले. "सर, खरं सांगा हं. मी माप घेत होते तेव्हा तुम्ही पोट आत ओढलं होतं का?"

सर नाही म्हणणार होते. पण खरं बोलायचं हेही एक तत्त्व होतंच.

"थोडंसं," ते म्हणाले. "सगळेच ओढतात."

आणि दारात अध्यक्ष उभे राहिले. देह भारदस्त, कोटाची बटणं जेमतेम तग धरून. त्यांनी सरांना जांभळ्या फुलांसकट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय चाललंय?"

सरांनी रात्री पाठ केलेलं भाषण आठवून पाहिलं. त्यातला एकच शब्द सापडला. "शिक्षण," ते म्हणाले.

"असं?"

"साहेब, पँट चुकली. चूक मुलीनं शोधली आणि ती माझी निघाली." सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी सांगताना आवाजात कौतुक आलंच.

"चूक सापडली, ठीक. पण पोरगी त्यातून शिकली काय? ते दिसलं पाहिजे. नाहीतर सोमवारपासून सगळी मुलं वर्गात."

मास्तरांनी ठिणगीकडे पाहिलं. "काय करशील?"

ठिणगीनं गळ्यातली टेप काढली. "साहेब, हात वर करा."

टेप कमरेभोवती फिरली मात्र, अध्यक्षांचं पोट एकदम दिसेनासं झालं. ठिणगी टेप सैल धरून उभी राहिली आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "साहेब, आमची शाळा तुम्हाला का आवडत नाही?"

अध्यक्षांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "मुळात मुलांना शिस्त हवी," त्यांनी सुरुवात केली, "आणि शिस्त म्हटली की..." दुसऱ्या वाक्यात त्यांचा श्वास संपला आणि पोट हक्काच्या जागी परत आलं. ठिणगीनं अलगद टेप जुळवली आणि आकडा वाचला.

अध्यक्ष बोलायचे थांबले. त्यांनी खाली टेपकडे पाहिलं, मग ठिणगीकडे. सरांनी कापडाची गाठ घट्ट आवळली.

"किती?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

ठिणगीनं त्यांच्या कानात सांगितलं.

अध्यक्षांनी कोटाचं मधलं बटण काढलं आणि कितीतरी वेळानं भरपूर श्वास घेतला. "या मापाचा सूट कधी मिळेल?"

"सोमवारी शिवायला घेते," ठिणगी म्हणाली. "वर्गात नसले तर."

"नसशील," अध्यक्ष म्हणाले.