गवत कापायच्या दिवशी रावमामा

वेलचेरीतल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी पोरांच्या पायांची बोटं मोजली जात. मोजणारे रावमामा, रेल्वेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर एकटे राहणारे. माळी मुरुगनने गवत कापायचं यंत्र सुरू करण्याआधी एक मोजणी, बंद झाल्यावर दुसरी. बेरीज कधी चुकली नव्हती.

मामा तंजावरकडचे मराठी. बँकेच्या बदलीने पुण्याहून आलेल्या मला त्यांचं बोलणं जुन्या बखरीतून उतरल्यासारखं वाटे. "यंत्रास डोळे नाहींत. तुम्हांस आहेत. सरी, बरें, आंत चला," असं म्हणून ते माझी मुलगी जुई हिच्यासकट सगळ्यांना आपल्या घरात नेत आणि बाहेरून कडी घालत. एकट्या माणसाच्या त्या घरात प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्यांची रांग होती. मग ते लॉनवर वाकून खडे, गोट्या, बाहुल्यांचे हातपाय वेचत. मुरुगन यंत्र मागे ओढू लागला की तमिळमध्ये बजावत, "पिन्नाडी पारु." मागे बघ. मागे फक्त मामाच असत.

आम्ही हसायचो.

एका रविवारी मामांच्या नजरेतून एक खडा सुटला. पात्याखालून उडाला आणि जिन्याच्या खिडकीची काच फोडून पायऱ्यांवर पडला. मामा नसते तर पोरं त्याच पायऱ्यांवर बसून गंमत बघत असती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

सेक्रेटरींनी मीटिंग घेतली. यापुढे गवत बुधवारी कापायचं, मुलं शाळेत असताना.

"मामा, तुमचंच ऐकलं शेवटी," ते म्हणाले.

"तेंच योग्य," मामा म्हणाले.

परतताना त्यांनी मला विचारलं, "जुई रविवारीं आतां काय करील?"

"झोपेल उशिरापर्यंत."



रविवारी सकाळी बेल वाजली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"आज यंत्र आहे?" मी विचारलं.

"नाहीं." ते पायपुसणं पायाने सरळ करत होते. "दोसैचें पीठ जास्त झालें. मुलांस यायची सवय आहे. पाठवतां काय?"

जुई डोळे चोळत आली, चपला घातल्या आणि जिना उतरूही लागली. मामा मात्र तिथेच थांबले, माझ्या होकारासाठी.

"जेवूनच येऊ दे तिला," मी म्हटलं.