चेहऱ्याची तालीम

सलिलने चमचाभर ठेचा तोंडात टाकला आणि चेहरा दगडासारखा ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण गाल हलला नाही.

सायबर कॅफेत बसून तो पोकर हा पत्त्यांचा जुगार शिकला होता. ऑफिसात महिनाभराची बिनपगारी रजा टाकल्याचं घरी सांगितलं नव्हतं. गोव्याच्या कॅसिनोत जाऊन पोकरवरच पोट भरायचं, आणि त्यासाठी मनातली भीती चेहऱ्यावर दिसता कामा नये, एवढं त्याने पक्कं केलं होतं. त्याला खरी भीती होती ती बाबांची. भास्करराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते.

"सलिल, तिखट नाही लागलं?" त्याच्या आईने, कमलाबाईंनी, विचारलं. तो ढिम्म. कमलाबाई किंचाळल्या, "अहो, धावा हो! पोराच्या तोंडावरून वारं गेलं!"

दहा मिनिटांत तिघं रिक्षाने दवाखान्यात पोचली.

"हसून दाखव," डॉक्टर म्हणाले. सलिलने मनापासून प्रयत्न केला, पण शेजारी बाबा उभे होते. भीतीने आता चेहरा खरोखरच गोठला होता.

डॉक्टर गंभीर झाले. "आजच कोल्हापूरला हलवा. वेळ पडली तर डोक्याचं ऑपरेशन."

"नको!" सलिल ओरडला. "मला काही झालेलं नाही! मी पत्ते खेळतो! रजा टाकून!"

बाबांनी दोघांना रिक्षात बसवलं. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून पत्ते काढले आणि मूठ-मूठ काजूबिया दोघांपुढे ठेवल्या.

"तुझा तो पोकर मला येत नाही. तीन पत्ती खेळू. एकच डाव. जिंकलास तर खुशाल गोव्याला जा. हरलास तर सोमवारी कामावर."

सलिलने पाने उचलली. तीन राण्या! त्याने दोन बिया सरकवल्या.

बाबांनी आपली पाने पाहिली, चष्मा पुसला आणि सगळ्या बिया मधे लोटल्या. मग ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, आनंदाने नाही, कशानेच नाही.

सलिलने पुन्हा आपल्या राण्या पाहिल्या. तीन राजे असतील? एक्के?

"अहो, पोर थरथरतंय हो," आई म्हणाली.

"थरथरू दे गो."

"पॅक!" सलिलने डाव सोडून पाने टाकली.

भास्कररावांनी आपली पाने उलटली. दुर्री, पंजी, सत्ती. तीन रंगांची, अगदीच बिनकामाची.

"कमल," ते उठत म्हणाले, "सोमवारी याचा डबा भर."