उजवी बाजू त्रेचाळीस

"कोराडीच्या वीजकेंद्रातला एवढा मोठा बॉयलर चौतीस वर्षांत मले फसवू शकला नाही. तुहा भाऊ कोण लागून गेला?"

रामाजी हे शेगडीसमोर उकिडवे बसून बोलत होते. शेगडी साधीसुधी नव्हती! बिडाची, लाकडावर पेटणारी, चार बुटक्या पायांवर गाभण म्हशीसारखी उभी. त्यांच्या बायकोचा, इंदूताईंचा, भाऊ दुर्गेश नागपूरच्या लकडगंजात भंगाराचा धंदा करतो. चिखलदऱ्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्याने ती उचलली आणि बहिणीकडे पाठवून दिली. तीन वर्षांचा अबोला मोडायचा म्हणून.

अबोला कशावरून? दुर्गेशने दिलेला कूलर गळायचा. रामाजींच्या मते मुद्दाम.

रामाजींनी शेगडीचा गंज घासला. कोराडीत वाफेच्या पाइपांना मारायचा चंदेरी रंग डब्याच्या तळाशी उरला होता, तो मारला. उजवी बाजू चकचकीत झाली आणि रंग संपला. डावी काळीच राहिली. हरकत नाही! लाकडं पेटवली. मग मुलीने, बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या गुंजनने, दिलेली बंदूक रोखली. ही बंदूक लांबूनच तापमान सांगते. रामाजींनी लगेच वही काढली.

नोंद. मंगळवार, सकाळी ९.१०. डावी बाजू २१०. उजवी बाजू ९६. संशयित: दुर्गेश.

"एकच विस्तव, एकच लोखंड, आणि निम्म्याहून जास्त फरक? इंदू, उजवीकडून आत माती भरली आहे वं!"

"अहो, हात लावून पाहा ना एकदा."

"बॉयलरवाला गरम वस्तूले हात लावत नाही. मीटर लावते!"

नोंद. बुधवार. उजव्या बाजूला दुधाचं पातेलं ठेवलं. दूध उतू गेलं. मीटर ९६. शहाण्णव अंशांवर दूध उतू जाणे शास्त्रात बसत नाही. गुपचूप गॅसवर तापवून आणलं असावं. संशयित: दुर्गेश, इंदू.

"भावासाठी दूध उतू घालून राहिली तू!"

"काहून घालू? अर्धा लिटर सांडलं ते पुसलं कोणं? तुमच्या मीटरनं?"

नोंद. गुरुवार. शेजारच्या भैयाजींची मांजर उजव्या बाजूवर चढली आणि किंचाळून उतरली. मांजरीला हे कोणी शिकवलं? संशयित: दुर्गेश, इंदू, भैयाजी.

शुक्रवारी इंदूताईंनी वही वाचली. बंद केली. शांतपणे म्हणाल्या, "परवा दुर्गेश जेवायले येऊन राहिला. तीन वर्षांनी. त्याच्या तोंडावर एक शब्द जरी काढला ना, तर त्याच्यासोबत मीही लकडगंजले जाईन. मंग बसा मोजत, डावी अन् उजवी!"

रामाजींनी मान डोलावली. इंदूताई एवढ्या शांत बोलल्या म्हणजे प्रकरण गंभीर. शांतता वहीत नोंदवायची राहून गेली, एवढंच.

रविवार. अंगणात शेगडी नुकतीच पेटवलेली. ताटात कोथिंबिरीचं सारण भरलेली गरमागरम सांभारवडी. दुर्गेश खाली मान घालून खात होता. खाली मान! निर्दोष माणूस वर पाहून खातो! रामाजींनी पहिली वडी कशीबशी गिळली. दुसरी मात्र घशात अडली आणि तिच्या जागी शब्द बाहेर आले.

"दुर्गेश, माती किती किलो भरली गा?"

दुर्गेशची वडी तोंडाशीच थांबली. "कायची माती, भाऊजी?"

इंदूताई उठल्या. घरात गेल्या. कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला.

आता माघार घ्यावी तर वही खोटी ठरते. रामाजींनी बंदूक रोखली. "हे पाय! डावी ब्याण्णव. उजवी त्रेचाळीस!"

"भाऊजी, दोन्ही बाजू गरम आहेत. मले तर इथूनच झळ लागून राहिली."

"त्रेचाळीस! मे महिन्यात नागपूरची हवाच पंचेचाळीस राहते. तशा उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरवर बसून मी कोराडीहून घरी येत होतो. त्रेचाळीसमध्ये तर मले स्वेटर लागते!"

फाटकातून गुंजन आत येत होती. तिने पाहिलं आणि ओरडली, "बाबा, थांबा! चंदेरी रंगावर ती बंदूक—"

रामाजी उजव्या बाजूवर बसले.

नोंद. नाही. हात मोकळे नव्हते.

इंदूताई बॅगेसकट धावत बाहेर आल्या. भैयाजींची मांजर भिंतीवरून पाहत होती, समाधानाने. तीन वर्षं न बोललेल्या दुर्गेशने भाऊजींना उचलून खाटेवर पालथं घातलं, अडगळीतून तोच जुना कूलर ओढून आणला, पाणी भरलं, चालू केला. जानेवारीत! कूलर नेहमीसारखा गळला. धार नेमकी हवी तिथे पडत होती.

"देतानाच सांगितलं होतं, बाबा," गुंजन म्हणाली. "काळ्यावर ही बंदूक बरोबर सांगते. चकाकत्या रंगावर फार कमी दाखवते. शेगडी दोन्हीकडून सारखीच तापली आहे."

"पण मी शेगडी पाठवली तेव्हा तर दोन्ही बाजू गंजलेल्या होत्या," दुर्गेश म्हणाला. "मंग चंदेरी रंग मारला कोणं?"

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. रामाजींनी पालथं पडल्यापडल्याच वही मागितली.

नोंद. रविवार, दुपारी १.४०. डावी बाजू ९२. उजवी बाजूही तेवढीच. निरीक्षकाची मागची बाजू: मोजायला कोणी तयार नाही. संशयित: मीटरचा सेल.

इंदूताईंनी शेवटचे दोन शब्द खोडले आणि पेन परत त्यांच्या हातात दिला. बॅग अजून दुसऱ्या हातात होती. रामाजींनी बॅगेकडे पाहिलं. मग लिहिलं: "रामाजी." थोडं थांबून खाली आणखी एक ओळ: "दुर्गेशवरचे सगळे आरोप मागे. कूलरचासुद्धा."

इंदूताईंनी बॅग खाली ठेवली. दुर्गेशने ओळ वाचली. त्याचे डोळे भरून आले.

"नाही भाऊजी, आता लपवत नाही. तो कूलर गळका आहे हे मले देतानाच ठाऊक होतं."

"पाय! मी म्हटलंच होतं!" रामाजी आनंदाने ताडकन उठून बसले.

बसले, हीच चूक झाली.