नदीपलीकडील तेलाची चौकशी आणि जामिनाची कैद

श्रीगजानन राज्यकर्त्यांस सुबुद्धी देवो, आणि न दे तरी प्रजेस धीर देवो. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्ल नाम संवत्सरे, एका राज्यात वर्तले ते येणेप्रमाणे. नदीपलीकडे परमुलूख. तेथील एका शेटाचे तेल स्वस्त, म्हणोन घरोघरी कढईत तेच पडो लागले. राज्याचा कायदा ऐसा की, परमुलखीचे व्यापाऱ्याने इकडील पेठेत दुकान मांडावे तर इकडील इभ्रतदार गृहस्थ जामीन द्यावा. माल खोटा निघाला आणि धनी हाती न लागला तर शासन जामिनास. शेट श्रावणात कोन्हेरपंतांचे पंक्तीस जेवला होता. आपले पंक्तीस जेवलेल्यास नाही कैसे म्हणावे, म्हणोन पंत बेलभंडार उचलोन जामीन राहिले. भीड भिकेची बहीण!

मग कार्तिकात लोकांचे पाय सुजो लागले, आणि धाप लागोन माणसे पटापट मेली. सरकारांनी चौकशीस गिरमाजीपंत अमीन नेमिले. ते कोन्हेरपंतांचे सख्खे धाकटे बंधू. त्यांनी दुकानातील तेलाचे बुधले जप्त केले, आणि पारख करविता तेलात पिवळ्या धोत्र्याचे बियांचे विषारी तेल निघाले, आणि शेटास धरावयास स्वार धाडिले, तो शेट नावेत बसोन पार जाहला. पलीकडील तीरावर उभा राहोन हात जोडी आणि हासे. नदी ओलांडावी तर परराज्याशी लढाई. तेव्हा शासन जामिनावर येणार, हे जाणोन गिरमाजीपंत घरी जाऊन बोलिले, "दादा, तुम्हीही पार निघून जा. तोवर मी चौकशी लांबवितो." कोन्हेरपंत म्हणाले, "गिरमा, देवाचा बेल उचलिला आहे. गावची माणसे मेली आणि मी पळू? तू आपले काम कर." मग गिरमाजीपंतांनी डोळे पुसोन खरे तेच दरबारी सांगितले. दरबार बहुत संतोषला, आणि अमिनास शालजोडी दिधली, आणि जामिनास बेडी घालोन किल्ल्यावर चढविले.

पौषात गिरमाजीपंत भेटीस गेले. दादांचे पाय सुजलेले. बोटाने दाबिले तो खळगा पडला, आणि भरेना. "दादा, येथे जेवता काय?"

"जेवण उत्तम रे. आमटीवर तेलाचा तवंग असतो."

किल्ल्याचे मुदपाकखान्याचे कारभाऱ्यास पुसिले. तो म्हणाला, "पंत, जप्तीचे बुधले तुम्हीच ना आणिलेत? सरकारी माल वाया घालवू नये, ऐसा हुकूम आहे." गिरमाजीपंतांनी बुधले तेथेच उपडे केले. माघ लागण्यापूर्वी कोन्हेरपंत निवर्तले. शालजोडी बंधूंनी चितेवर घातली.

सारांश, चौकशी यथासांग पार पडली. माल सांपडला, जामीन सांपडला, व्यापारी तेवढा राहिला. चैत्रात तोच शेट पगडी बदलोन नव्या नावाने पेठेत आला. जामीन कोणी राहीना, तेव्हा जकात बुडू नये म्हणोन सरकारच जामीन राहिले. गिरमाजीपंतांचे घरी मात्र कढई पुन्हा चुलीवर चढली नाही.