नागरिकशास्त्र उपलब्ध आहे

“एवढं स्वातंत्र्य द्यायचंच कशाला म्हणते मी? पाय भरून आले उभं राहून.”

बेकरीवाल्या काकूंनी हे कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. रांगेतल्या पालकांनी माना डोलावल्या. काकूंच्या पुढे उभ्या असलेल्या टिटवीच्या आईनेही डोलावली. एकट्या टिटवीने डोलावली नाही.

परिस्थिती अशी होती. हायस्कूलच्या वरच्या वर्गात सामाजिक शास्त्रांपैकी एक विषय घेणं सक्तीचं होतं आणि तो कोणता घ्यावा याचं विद्यार्थ्याला पूर्ण स्वातंत्र्य होतं. इतिहास होता, भूगोल होता, नागरिकशास्त्र होतं. शिवाय ‘समाज आणि यश’ हा नवा विषय होता. त्यात हस्तांदोलन किती घट्ट करावं, अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखं कसं बोलावं आणि लिफ्टमध्ये साहेब भेटल्यास कितपत हसावं, हे शिकवत. गेली काही वर्षं सगळ्या विद्यार्थ्यांनी आपलं पूर्ण स्वातंत्र्य वापरून ‘समाज आणि यश’च निवडला होता. इतिहासाचे आणि भूगोलाचे शिक्षक निवृत्त झाले, पण विषय निवृत्त झाले नाहीत. माहितीपुस्तिकेत ते अजूनही कामावर होते. एवढे पर्याय देणारी शाळा म्हणून तिला ‘पर्यायसमृद्ध विद्यालय’ अशी ढाल मिळाली होती आणि ती मुख्याध्यापकांच्या दरवाजातच, डोकं आपटेल अशा उंचीवर लावली होती.

टिटवीचं खरं नाव वेगळं होतं, पण बोलायला लागल्यापासून तिने प्रश्न विचारणं थांबवलं नव्हतं, म्हणून घरात हेच नाव पडलं. तिची आई पडदे शिवायची. कुठल्याही खोलीत शिरली की माणसांच्या आधी ती पडदे बघायची, आणि बहुतेक वेळा तिला दोन्हींची दया यायची.

नंबर लागला. टेबलामागे विषय निवड समन्वयक बसले होते. त्यांनी टिटवीकडे न बघताच ‘समाज आणि यश’चा शिक्का उचलला.

“नागरिकशास्त्र,” टिटवी म्हणाली.

शिक्का हवेतच राहिला. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मुलगी तिथेच होती.

“उत्तम निवड!” ते म्हणाले. “विषय उपलब्ध आहे. अट एकच. आधीच्या वर्गात ‘नागरिकशास्त्र: पूर्वतयारी’ पूर्ण केलेली हवी.”

“ती तर आम्हाला शिकवलीच नाही, सर.”

“कशी शिकवणार? वरच्या वर्गात विषय कुणी घेत नसेल तर पूर्वतयारी कशाची करून घ्यायची?”

“पण पूर्वतयारी नसेल तर वर कुणी घेणार कसा?”

“अगदी बरोबर,” सर समाधानाने म्हणाले. शिकवलेलं विद्यार्थ्याला पटकन समजलं की शिक्षकाला जो आनंद होतो, तो त्यांना झाला होता.

“अहो, मग काहीतरी सूट बिट असेलच की,” आई म्हणाली. “आमचं काही नाही हो. तिला हवं ते घेऊ दे. आम्ही मुलांवर काही लादत नाही.”

“सूट आहे तर! सवलत समिती आहे. फक्त तिची बैठक होत नाही, कारण समितीवर नागरिकशास्त्राच्या वर्गाचा एक प्रतिनिधी लागतो.”

“आणि वर्गच नाही,” टिटवी म्हणाली.

“हुशार आहे हो तुमची मुलगी. त्याविरुद्ध अपील करता येतं.”

“कसं करायचं?”

“ते नागरिकशास्त्राच्या तिसऱ्या धड्यात आहे.”

आईने सुस्कारा सोडला. सुस्कारा दुःखाचा असावा तसाच होता, फक्त जरा लवकर आला. “बघ बाळा, सरांनी किती प्रयत्न केले. आता ‘समाज आणि यश’ घेऊन टाक. त्यातही समाज आहेच.”

“मग नागरिकशास्त्राच्या बाईंना भेटते,” टिटवी म्हणाली. “पुस्तिकेत फोटो आहे त्यांचा.”

समन्वयकांचा नाइलाज झाला. एका विद्यार्थ्याची निवड पूर्ण झाल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही, असा नियम होता. तेव्हा टिटवी निघाली, तिच्यामागे आई निघाली, आणि उभं राहून कंटाळलेली अख्खी रांग, निदान पाय तरी मोकळे होतील म्हणून, त्यांच्या मागोमाग निघाली.

बाई जिन्याखालच्या ‘हरवले-सापडले’ कपाटाशी बसल्या होत्या. विषय पुस्तिकेत असेपर्यंत त्याच्या शिक्षिकेला निवृत्तीआधी काढता येत नव्हतं आणि विद्यार्थी नसताना शिकवणं नियमबाह्य होतं. म्हणून पूर्ण पगारावर त्या पाण्याच्या बाटल्या, एकेकटे मोजे आणि कुणीतरी विसरून गेलेली बासरी यांची काळजी घेत होत्या.

“काय हरवलं तुझं?” त्यांनी विचारलं.

“नागरिकशास्त्र.”

बाईंनी हातातला मोजा खाली ठेवला. मग पुन्हा उचलून नीट घडी घातली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

“एक विद्यार्थी मिळाला की वर्ग सुरू होतो,” त्या म्हणाल्या. “आज संध्याकाळपर्यंत नाही मिळाला, तर वर्ग कायमचा बंद आणि मला उद्यापासून हस्तांदोलन शिकवायचंय. काल मला सरावाला बसवलं होतं. माझी पकड फार प्रामाणिक आहे म्हणाले.”

“पण अटी पूर्णच होत नाहीत, बाई. एकीतून बाहेर पडावं तर दुसरीत.”

बाईंनी मागे उभ्या असलेल्या पालकांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. “अटीशी भांडत बसू नकोस. ती घातली कुणी ते विचार. हा पहिला धडा. मी शिकवला असं कुठे बोलू नकोस गं, माझ्यावर कारवाई होईल.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत घोळका मावला नाही. निम्मे आत आले आणि निम्मे दारात अडकले. बाई सगळ्यांच्या मागे, मोजा हातात घेऊनच उभ्या राहिल्या. आईने खिडकीकडे पाहिलं. पडद्याची किनार एका बाजूने उसवली होती.

“सर, नागरिकशास्त्राच्या अटी कुणी घातल्या?” टिटवीने विचारलं.

“अटी कुणी घालत नसतं बेटा,” मुख्याध्यापक प्रेमाने म्हणाले. “अटी असतात. जसं हवामान असतं.”

“हवामान सही करत नाही. पुस्तिकेत या अटींखाली शाळेची सही आहे.”

दारातून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मुख्याध्यापकांनी मग उदारपणे पर्याय वाढवायला सुरुवात केली. ‘नागरिकशास्त्र: श्रवण’ घेता येईल, यात वर्गाबाहेर बसून ऐकायचं असतं. वर्ग नसल्यामुळे ऐकण्यासारखं काही नसेल, पण हजेरी पूर्ण मिळेल. ते नको असेल तर ‘मानद विद्यार्थिनी’ करता येईल, म्हणजे विषय न शिकता त्याबद्दल सत्कार. तेही नको असेल तर थेट माजी विद्यार्थिनी म्हणून नोंद करू. माजी विद्यार्थ्यांना शाळा फार मान देते आणि त्यांच्याकडून कुठल्याच अटींची अपेक्षा करत नाही.

“मला शिकायचंय, सर.”

एवढं सरळ वाक्य त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी उच्चारलं नसावं. मुख्याध्यापक खुर्चीत मागे टेकले. मग ते आईकडे वळले.

“असं करू. पालकांची हरकत नसेल, तर सगळ्या अटी आत्ता, या क्षणी शिथिल करतो. बोला ताई. हरकत आहे?”

“आमची कसली हरकत?” आई म्हणाली. “पण दप्तराचं ओझं आधीच फार आहे हो.”

“पुस्तक अगदी पातळ आहे.”

“तिचे डोळे पण नाजूक आहेत. आणि शाळा म्हणेल तसंच आम्ही वागतो.”

“आणि शाळा पालक म्हणतील तसं वागते.”

“नाही, पण तुम्ही जाणकार.”

“छे छे, निर्णय तुमचा.”

दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणारे दोन सभ्य लोक जसे दोघंही बाहेरच राहतात, तसं बराच वेळ चाललं. शेवटी बेकरीवाल्या काकूंचे पाय पुन्हा भरून आले.

“अहो, कशाला ताणताय?” त्या मागून म्हणाल्या. “बाईंचा वर्ग चालू होता तेव्हा आठवत नाही का सगळ्यांना? माझा थोरला घरी येऊन विचारायला लागला, टीव्हीचा रिमोट कायम बाबांकडेच का, हे कधी ठरलं, कुणी ठरवलं. जेवायला शेवटी कोण बसतं, याची त्याने पाहणी केली होती. पाहणी! माझ्याच स्वयंपाकघरात!”

“आमच्याकडे थोरलीने झोपायच्या वेळेवर मतदान घेतलं,” दारातला एक गृहस्थ म्हणाला. “मी हरलो.”

“म्हणून तर सगळे मिळून शाळेत सभेला आलो होतो,” काकू म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या.

गृहस्थ ढालीकडे बघू लागला. मुख्याध्यापकांना टेबलावर धूळ दिसली. विषय बंद करा असं त्या सभेत कुणीही म्हटलं नव्हतं, याची कृपया नोंद घ्यावी. तसं म्हणायला आम्ही काय मागासलेले आहोत? मुलांना स्वातंत्र्य हवंच, फक्त ते वापरता येऊ नये, एवढाच माफक प्रस्ताव होता. हात वर करून मंजूर झाला होता. तुम्ही तिथे नव्हतात असं तुम्हाला वाटत असेल. पण हात इतके होते की चेहरे कुणाचे दिसलेच नाहीत, तेव्हा खात्रीने सांगता यायचं नाही.

टिटवीने आईकडे पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावरून फळ्याकडे बघावं तसं, डोळे न मिटता.

“आई, तू होतीस त्या सभेला?”

“तो पडदा बघ कसा उसवलाय,” आई म्हणाली. “दोन टाके घातले तर...”

“आई.”

आईने पडद्यावरची नजर काढून मुलीवर ठेवली. दारातला घोळका हळूहळू मागे सरकू लागला होता. रांगेची आता कुणालाच घाई नव्हती. मुख्याध्यापकांनी “ताई, इतकं काही आवश्यक नाही” असं पुटपुटून बघितलं. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“होते,” आई म्हणाली. “पुढच्या रांगेत बसले होते. शाळेची काही चूक नाही टिटवे, आणि अटींचीही नाही. तुझ्या प्रश्नांचं मला कौतुक आहे, पण ते दुसऱ्यांना विचारतेस तोपर्यंतच. उद्या तू मला विचारशील, आई, तू रात्रंदिवस लोकांचे पडदे शिवतेस आणि घरातलं सगळं बाबा ठरवतात, ते का? मला याचं उत्तर येत नाही गं. म्हणून तू नागरिकशास्त्र घ्यावंस असं मला नको होतं. सगळ्यांत आधी हात मी वर केला होता.”