कलम नऊ आणि अध्यक्षांची पांढरी पँट

आपल्या राज्याच्या पाणी कायद्यात दोन शब्द माझे आहेत. थापा मारत नाही. गोल्फच्या मैदानांनी किती पाणी वापरावं यावर कायदा करायचं ठरलं, तेव्हा सरकारने सूचना मागवल्या. बाकीच्या मैदानांच्या व्यवस्थापकांनी रडगाणी पाठवली, मी सुधारणा पाठवली! मसुद्याच्या कलम नऊमध्ये 'गवतावर पिण्याचे पाणी टाकू नये' एवढंच होतं. मी लिहिलं, 'कोणत्याही स्वरूपात टाकू नये' असं करा. हमरस्त्यापलीकडच्या क्लबचा व्यवस्थापक मला चांगला ठाऊक आहे. हा गृहस्थ गवतावर बर्फाच्या लाद्या टाकून 'हे पाणी नाही, बर्फ आहे' म्हणायला कमी करायचा नाही.

सूचना स्वीकारल्याचं पत्र आलं. मी ते फ्रेम करून घरी बैठकीच्या खोलीत लावलं. बायको शाळेत शिकवते. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "दुसऱ्याला पकडायचं असलं की तुम्हाला शब्द बरे सुचतात." मी ते कौतुक समजलो.

कायदा लागू झाला. मोठ्या मैदानाला पाणी पूर्ण बंद. प्रत्येक होलभोवती बारीक कापलेली एक छोटी हिरवळ असते, तशा अठरा हिरवळी तेवढ्या जगवायच्या, त्याही शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. नियम मोडला, तर तेही पाणी उन्हाळाभर बंद. त्या अठरा हिरवळी मी अकरा वर्षं तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. म्हणून मी बाकीच्या मैदानाला एक थेंब दिला नाही. तीन आठवड्यांत सगळं पिवळंधमक!

आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. कुठलीही गोष्ट पिवळी दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यातून रविवारी मोठी स्पर्धा, सहा क्लबांचे पाहुणे येणार. मैदान बघून ते नुसतेच "च् च्" करत राहिले. मी म्हणालो, "साहेब, रविवारपर्यंत हिरवंगार करून देतो. आणि गवताला पाणी न घालता."

गवताचा रंग मिळतो. हसू नका, खरंच मिळतो. बारा आठवड्यांची हमी असते. मी माळ्यांना हाताशी धरलं, पाठीवर फवारणीचे पंप चढवले आणि तीन दिवसांत मैदान असं रंगवलं की एक गाय कुंपण मोडून आत आली. एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि आली तशी निघून गेली.

गुरुवारी सकाळी पाणी खात्याच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझ्या टेबलावर उपग्रहाने काढलेला फोटो ठेवला. सगळं शहर मातकट आणि मधोमध आमचं मैदान हिरवंगार.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"रंग," मी ऐटीत सांगितलं.

वही घरी विसरलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर जाऊन रुमालाने गवत खसाखसा घासलं. रुमाल पांढराशुभ्र! मी मुद्दाम न जाणारा रंग निवडला होता, तो माझ्याच मुळावर आला. मी रिकामे डबे दाखवले. त्या म्हणाल्या, डबे कोणीही आणून ठेवील. आणि त्यांनी नोटीस लिहायला घेतली.

नोकरीचं नंतर बघू, पण त्या अठरा हिरवळी! तेवढ्यात आठवलं, कॅन्टीनमागचा तुकडा तासाभरापूर्वीच रंगवला होता, ओलाच असणार. बाई आणि गडबड ऐकून आलेले अध्यक्ष, अशी वरात तिकडे नेली. माझी पँट क्लबच्या गणवेशाची, म्हणजे हिरवीच. अध्यक्षांची मात्र पांढरी होती.

"साहेब, बसा," मी म्हणालो.

"इथे?"

"क्लबसाठी."

ते बसले. माणूस मोठ्या मनाचा. उठून पाठमोरे झाले, तेव्हा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच उमटला होता. रुमालानेही भागलं असतं, हे मला नंतर बायकोने सांगितलं.

बाई खळखळून हसल्या. त्यांनी नोटीस फाडली, माझ्या हिकमतीचं कौतुक केलं. त्यांच्या घरापुढचं गवतही वाळलं होतं म्हणे. हा रंग बनवतात कसा, असं त्यांनी विचारलं. मला तर कोणी विचारायचाच अवकाश!

"सोपं आहे. एक भाग रंग, सात भाग पाणी."

"शुद्ध केलेलं सांडपाणी?"

"छे हो! त्याने पंप तुंबतो. मी थेट कॅन्टीनच्या नळाचं घेतो. एकदम स्वच्छ, पिण्याचं!"

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं, कलम नऊ उघडलं आणि सावकाश वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "नुसतं 'पाणी' असतं ना, तर हा रंग आहे असं लिहून तुम्हाला सोडलं असतं. पण हे 'कोणत्याही स्वरूपात' आडवं येतंय. कोणी घातलं असेल हो हे?"

मी चहा सांगायला कॅन्टीनकडे वळलो.

भिंतीला पाठ लावून उभे असलेले अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, "कोणी म्हणजे? आमच्या यांनीच! घरी फ्रेम करून लावलंय."

संध्याकाळी हिरवळींचं पाणी तोडलं. रविवारपर्यंत अठराच्या अठरा वाळल्या. मैदान हिरवंगार आणि हिरवळी पिवळ्या! होल लांबूनच ओळखू येतो म्हणून पाहुणे खूश होते. मी मात्र चौदाव्या हिरवळीपाशी थोडा वेळ पाठ करून उभा राहिलो. ती सगळ्यांत नाजूक होती.

बक्षीस समारंभात हमरस्त्यापलीकडचा व्यवस्थापक सरबताचे दोन पेले घेऊन माझ्याकडे आला. अध्यक्षांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"बर्फ घालू?" त्याने अदबीने विचारलं. "की कोणत्याही स्वरूपात नको?"

मी म्हणालो, घाला. ऊन फार होतं.