पहिल्या नंबरचा दगड

हवालदारमामांच्या घरी चहासुद्धा नंबरानं मिळायचा. आम्ही नवरा-बायको गेलो तरी ते आधी विचारायचे, "पहिलं कोण आलं?"

"बरोबरच आलो, मामा," माझे यजमान म्हणायचे.

"असं कसं? दारातनं दोघं एकदम मावतंय व्हय?"

मग ज्याचं पाऊल आधी आत पडलं असेल, त्याच्यापुढे पहिला कप.

मामा मूळचे माण तालुक्यातले. लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या गल्लीत एकटेच राहायचे. सत्तरच्या दशकातले दिवस. रॉकेल हातगाडीवर दारात यायचं, पण साखरेला कंट्रोलच्या दुकानापुढे रांग. आणि ही रांग, कुणी नेमलेलं नसताना, मामांच्या ताब्यात होती. सकाळभर उभं राहायला कुणाला सवड? म्हणून प्रत्येक घराचा एक दगड. मामा पहाटे पोत्यातून दगड आणायचे, ओळीनं मांडायचे. दुकान उघडलं की आपण आपल्या दगडापाशी जायचं. माझी दळण, बँक, शाळा अशी कामं तोवर उरकलेली असत. मला ही पद्धत फार सोयीची वाटायची.

एकदा कचेरीतला शिपाई पिशवी घेऊन थेट पुढे घुसला. "सायबाची साखर हाय."

"सायबाचा दगड कुठं हाय?" मामांनी विचारलं. "न्हाई ना? मग आण जा. अन् मागं ठिव. गड्या, आमी सरहद्दीवर बी नंबरानंच जेवलोय."

शिपायानं खरंच दगड आणला.

एक गोष्ट मात्र गल्लीला कळत नव्हती. सर्वांत पुढे कायम एक पांढरा, गुळगुळीत दगड असायचा आणि त्याच्यापाशी कुणीच येत नसे. त्याच्या मागे स्वतः मामा उभे. दुकानदार विचारायचा, "पहिला कोण?" मामा म्हणायचे, "तिला घाई न्हाई. फुडचं घ्या." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "मामांनी कुणाचा नंबर लावलाय, कळू तरी द्या." मामा ऐकू न आल्यासारखं करायचे.

मग एका वर्षी सरकारनं साखरेवरचा कंट्रोलच उठवला. बाजार खुला. कुठल्याही दुकानात जा, हवी तेवढी साखर, आणि तीही स्वस्त. गल्ली खूश झाली. माझं एक काम कमी झालं. मामांचे सांगलीकडचे मेहुणे ऊसवाले. ते येऊन कुरकुरले, "भाव लय पडला, दाजी."

"तुझा भाव पडला," मामा म्हणाले. "माझी रांगच मोडली."

त्या आठवड्यात ते घरोघर दगड परत करत फिरले. आमच्याकडे शेवटी आले.

"घ्या बाई, तुमचा."

"असू द्या की मामा. दगडच तर आहे."

"रांग न्हाई, तर मी ठिवून काय करू?"

पोत्यात एकच दगड उरला होता, पांढरा. तो कुणाचा, असं मी विचारलं. मामा आमच्या पायरीवर बसले.

"आमच्या मालकिणीचा. मी पल्टणीत, ती गावाकडं एकली. लय रांगा लावल्या तिनं. रजेवर आलो तवा म्हणली, एक दिस माझ्यासंगं हुबं ऱ्हावा. मी म्हणलो, हवालदार बायकांच्यात हुबा ऱ्हाईल व्हय?" त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "पेन्शनीत आलो तवा ती ऱ्हायली न्हवती. म्हणून तिच्या मागं हुबा ऱ्हायचो. आता कुठं हुबा ऱ्हाऊ, बाई?"

बाजार खुला झाला हे चांगलंच झालं, असं मी तोवर सगळ्यांना सांगत होते. मी चहा टाकला. दोघांचे कप आणले तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी पहिला नंबर कुणाचा ते विचारलं नाही.

पुढच्या थंडीत मामा गेले. खोली आवरताना पांढरा दगड मी घरी आणला. काही महिन्यांतच सरकारनं धोरण फिरवलं, कंट्रोल परत आला, दुकानापुढे पुन्हा रांग लागली.

पहिल्या दिवशी मी पहाटेच गेले. सर्वांत पुढे पांढरा दगड ठेवला. मामांचा दगड नव्हता, ते स्वतःच उभे राहायचे. म्हणून वाटेत एक उचलला होता, तो पांढऱ्याच्या मागे न ठेवता शेजारी ठेवला.

दुकान उघडलं. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "हे काय, बाई? यातला पहिला कोण?"

"त्यांना घाई नाही, पुढचं घ्या," मी म्हणाले. "आणि दोघं बरोबरच आलेत."